पुढे पळायचं की मागे चिकटायचं?

मोटारसायकल शर्यतीत दोघांचा वेग सारखाच असेल तर स्वाराने पुढे पळावं की मागे चिकटावं, असं धाकट्या भावाने विचारलं.

टायरचं बघ. मागे राहिलं की समोरच्या गाडीच्या गरम हवेत आपल्या पुढच्या टायरचा दाब चढतो, ब्रेक मारताना चाक लॉक होऊ लागतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरतं. पुढे हवा मोकळी, टायर थंड; पण मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेत, पुढच्या टायरचा दाब १.८ बारखाली (बार हे दाबाचं एकक) राहिला तर दंड. २०२५ मध्ये थायलंडच्या बुरिरामला मार्क मार्केझ दाब वाढावा म्हणूनच आघाडी सोडून त्याचा भाऊ अ‍ॅलेक्सच्या मागे गेला आणि शेवटी पुन्हा पुढे येऊन जिंकला.

दडपणात मात्र मागचाच वरचढ. २००९ ला स्पेनमधल्या कातालुन्यात रॉसी शेवटच्या वळणावर लोरेन्झोच्या आतल्या बाजूने घुसून पुढे गेला. आजही अंगावर काटा येतो.

एकसारख्या फेऱ्या मारणाऱ्याने पळावं. उशिरा ब्रेक मारायची हिंमत असणाऱ्याने चिकटावं, फक्त सरळ रस्त्यावर जरा बाजूला सरकून टायर थंड करत.