सराफ बाजारात स्टार नीलम बघायचा असेल तर

नाशिकच्या सराफ बाजारातल्या एका जुन्या पेढीवर बहिणीसाठी अंगठीचा खडा बघायला गेले आणि स्टार नीलमाच्या प्रेमातच पडले. पेढीवरच्या काकांनी आधी ट्यूबलाइट घालवली. मग चिमट्यात धरलेल्या राखाडी-निळ्या खड्यावर एकच टॉर्च धरला. लखकन सहा किरणांचा तारा उमटला! खडा जरा कलता केला की ताराही घुमटावरून सरकत जातो. कितीतरी वेळ मी तेवढंच करत बसले होते.

खड्याच्या पोटात रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया तीन दिशांना रचलेल्या असतात, म्हणून किरण सहा. पैलू पाडले तर तारा दिसत नाही, गोल घुमटासारखीच घडण लागते. या सुयांमुळे खडा धुरकट होतो, पण मला तो काचेसारख्या लख्ख नीलमापेक्षा देखणा वाटला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला ५६३ कॅरटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ याच जातीचा, मूळचा श्रीलंकेचा.

काकांनी कृत्रिम खडाही शेजारी ठेवून दाखवला. त्याचे किरण पट्टीने आखल्यासारखे, तारा अगदी मधोमध. खऱ्याचा एक किरण किंचित वाकडा होता आणि तोच आम्ही घेतला. न विचारता एवढं समजावून सांगणारे दुकानदार विरळाच.

शनिवारी मात्र जाऊ नका, शनीच्या खड्यासाठी गर्दी असते. आणि लॅबचं प्रमाणपत्र मागितल्यावरच मिळतं, ते आठवणीने मागा.