अजिंठ्याच्या टी-पॉइंटवरचे १४,८०० रुपयांचे दगड

मी ३२ वर्षं बँकेत होते, त्यातली १९ कॅश काउंटरवर. खोटी नोट डोळ्यांच्या आधी माझ्या बोटांना कळायची. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण अजिंठ्याला खोटे दगड घेऊन फसल्यापासून "तुम्हाला एवढं कसं कळलं नाही?" हा प्रश्न दीर, जाऊ, शेजारीण आणि आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, सगळ्यांचा विचारून झालाय.

बरं, आम्ही बाहेरगावचे पाहुणेही नाही. संभाजीनगरचेच. अजिंठा शाळेच्या सहलीपासून किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. या डिसेंबरात भाची अमेरिकेतून आली होती, तिला दाखवायला म्हणून बुधवारी सकाळी सातला गाडी काढली. (सोमवारी लेणी बंद असतात, तेवढी हुशारी आम्ही केली होती.) फुलंब्री, सिल्लोड, घाट उतरून फर्दापूरचा टी-पॉइंट. तिथे खासगी गाडी लावावी लागते, पुढचे चार किलोमीटर त्यांच्या बसने. आणि पार्किंगपासून बसपर्यंत जायचं तर दुकानांच्या रांगेतूनच जावं लागतं. घोडं तिथंच पेंड खातं.

पंचविशीतला एक मुलगा आला. "काकू, फोटो काढून देऊ का तिघांचा?" काढून दिला, चांगला काढला. मग भाचीच्या हातात सुपारीएवढा पांढरा चमकता दगड ठेवला. "पैसे नकोत ताई, भेट आहे. येताना दुकान फक्त बघून जा." पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं! माहीत असूनही फुकटची वस्तू हातात आली की माणूस उगीचच बांधला जातो. शिवाय त्याने "फोटो पाठवतो" म्हणून माझा नंबर घेतला. नंबर देऊ नका. फोटो राहिला तर राहिला.

लेणी मात्र मनापासून पाहिली. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सतरावं लेणं, दहाव्यात खांबावर इंग्रज अधिकारी जॉन स्मिथने १८१९ मध्ये कोरलेलं स्वतःचं नाव. भाचीला तेच फार आवडलं, मला त्याचा रागच येतो. शेवटी सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाची आडवी मूर्ती, सात मीटर लांब. तिथून बाहेर येऊन पायरीवर टेकते न टेकते तोच फोन. "काकू, किती वाजता येताय? चहा सांगून ठेवतो." त्या दरीत माझ्या लेकाचा फोन कधी धड लागत नाही, याचा लागला. एवढ्या शांत मूर्तीसमोरून उठून आल्यावर हा फोन मला खटकायला हवा होता. मी काय म्हणाले? "येतो रे, अर्ध्या तासात." वर यांना सांगितलं, किती अगत्याने बोलतो पोरगा.

दुकानात खरंच चहा आला. एक मोठा दगड काढून त्याने खालून बॅटरी मारली आणि आत हिरवं पाणी साठल्यासारखं दिसलं. "अपोफिलाइट आहे काकू. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत तयार होतो, परदेशात म्युझियममध्ये ठेवतात." यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच तर मेख आहे. बसाल्टच्या पोकळ्यांत असे स्फटिक आपल्याकडे खरोखर मिळतात, हिरवेसुद्धा. भाचीला तिच्या प्रोफेसरबाईंसाठी काहीतरी "महाराष्ट्राचं" न्यायचंच होतं. साडी नेऊन काय करणार ती बाई? म्हणजे आम्ही हावरटपणाने घेतलं नाही, कारण होतं.

हिरव्याचे २२,००० सांगून ९,५०० वर आला. जांभळ्या दगडाचा अर्धगोल ३,५००. अकीकाच्या दोन चकत्या ९०० च्या, म्हणजे १,८००. एकूण १४,८००. लेण्यांचं तिकीट माणशी ४० रुपये, तिघांचे १२०. हा हिशेब मी रात्री झोप येत नाही तेव्हा करते.

आता मी जिथे चुकले ती जागा. पैसे देताना तो म्हणाला, दुकानाचा स्कॅनर बंद आहे, याच्यावर करा, आणि खिशातून दुसरा क्यूआर काढला. मी स्कॅन केला. पडद्यावर दुकानाचं नाव नव्हतं, त्या मुलाचंही नव्हतं, भलत्याच एका बाईचं नाव आलं. मी वाचलं. मोठ्याने वाचलं! "ही कोण?" तो म्हणाला, "माझी वहिनी, हिशेब तीच बघते." आणि मी, जिने आयुष्यभर चेकवरचं एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी चेक परत केले, त्या मी पिन टाकला. बस सुटेल असं हे सारखे घड्याळ दाखवत होते, हेही लिहून ठेवते. बस कसली सुटणार होती? आमची गाडी समोर उभी होती.

पॅकिंग त्याने पडद्यामागे केलं. "उघडू नका, पाकळ्या मोडतील, सरळ तिकडे जाऊनच उघडा." बिल म्हणून चिठ्ठी: "एक्सपोर्ट क्वालिटी", खाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". जीएसटी नंबर नाही, मालकाचं नाव नाही.

चौथ्या दिवशी भाचीने सामान भरताना खोकं उघडलं. तिला हिरवा रंग फारच हिरवा वाटला. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून फिरवला. "मावशी, कापूस बघ." पोपटी! खाली पांढरा दगड आणि दोन तुकडे सरसाने चिकटवलेले. जांभळ्याचंही तेच. ओळखीच्या भूशास्त्राच्या सरांना दाखवलं, ते म्हणाले रंग काढून सगळ्याचे मिळून सातआठशे येतील. फुकट दिलेली सुपारी तेवढी अस्सल निघाली. दगड पडद्यामागे बदलला असं माझं म्हणणं, पहिल्यापासून तोच होता असं यांचं. यावर घरात अजून भांडण आहे. काहीही असो, असा दगड बॅटरीवर पाहूच नका, उन्हात न्या, आणि नेऊ देत नसेल तर चहा ठेवून उठा.

मग सुरू झाला खरा प्रवास. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर "हद्द ग्रामीणची, तिकडे जा." जिल्हा एकच, पण नाही. पुन्हा शंभर किलोमीटर. तिकडचे साहेब दोन तासांनी भेटले. म्हणाले, "बाई, तुम्ही बघून घेतलं, भाव केला, पैसे दिले. यात फसवणूक कुठे?" हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, नव्या फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय, असं मी सांगितलं. तर मला विचारतात, "तुम्ही वकील का?" अर्जावर शिक्का मिळाला, तोही तीनदा मागितल्यावर. पर्यटनाच्या एका कार्यालयात सांगितलं, दुकानं आमची नाहीत. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, लेण्यांच्या आत काही झालं असेल तर सांगा. म्हणजे चोराने चोरी लेण्यात करावी, नाहीतर तो कुणाचाच नाही! सायबरवाले म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, हा सायबर गुन्हा नव्हे. आणि बँकेतल्या मुलीने हेच वाक्य म्हटलं तेव्हा मी गप्प बसले, कारण काउंटरच्या पलीकडून ते मी स्वतः किती जणांना ऐकवलंय.

ग्राहक आयोगाचा रस्ता उरलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि तक्रार आपण राहतो तिथे करता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे काय आहे? वहिनीचं नाव. दुकानात पाटी आणि बिल यांचा फोटो पैसे देण्याआधी काढा, नंतर तो काढू देत नाहीत. यांनी प्रयत्न केला दुसऱ्या फेरीत, तर चार जण गोळा झाले. तो मुलगा "गावी गेलाय". राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केलीय, नंबर आलाय, उत्तर यायचंय.

भाची परत गेली, प्रोफेसरबाईंना पैठणीच्या कापडाची पर्स घेऊन. हिरवा दगड मी कचऱ्यात टाकणार होते, पण हे म्हणतात पुरावा आहे. म्हणून तो टीव्हीखाली ठेवलाय. परवा विहीणबाई आल्या होत्या, म्हणाल्या, "किती सुरेख हो! कुठून आणला?"