नमुन्याचे न उघडायचे पाकीट

टॅटिंगचे, म्हणजे दोऱ्याच्या बारीक गाठी घालून हाताने लेस विणायचे, काम घरबसल्या देतो असे सांगून माझ्याकडून ८,६८० रुपये घेतले गेले आणि वर महिनाभराचे कामही फुकट करून घेतले गेले. ही गोष्ट २०२३ सालच्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांतली आहे. रक्कम फार मोठी नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हे सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या बायकांना हे काम उत्तम येते त्याच या जाळ्यात सापडतील अशी त्याची रचना होती. ज्यांना टॅटिंग येत नाही त्यांना तो करार हातात घेताच अवघड वाटला असता आणि त्या वाचल्या असत्या.

मी टॅटिंग माझ्या आत्याकडून शिकले. ती मिरजेला परिचारिका होती आणि तिच्या एका ज्येष्ठ सहकारिणीने तिला शटल, म्हणजे दोरा गुंडाळलेले टॅटिंगचे छोटे साधन, हातात धरायला शिकवले होते. आमच्या घरी रुमालांच्या कडा आणि उशांचे अभ्रे वर्षानुवर्षे याच लेसने सजले. पुढे मी त्याच गाठींतून कानातले करू लागले. त्यात माझा आवडता प्रकार म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या कड्यांचा. आधी एक कडी पूर्ण करून बंद करायची, ती पुढच्या दोऱ्यात ओवून ठेवायची, मग तो दोरा डाव्या हाताच्या बोटांभोवती फास करून घ्यायचा आणि त्यावर दुहेरी गाठी घालत जाऊन, आधीची कडी आत अडकलेली असतानाच, नवी कडी ओढून बंद करायची. साखळीसारख्या या कड्या कात्री लावल्याशिवाय वेगळ्या होत नाहीत, पण एकमेकींत मोकळेपणाने फिरतात, आणि मान हलली की कानातले झुलते ते त्यामुळेच.

जुलैमध्ये मी अशा काही जोडांची छायाचित्रे फेसबुकवर टाकली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. बोलणे अत्यंत आर्जवी. "ताई, तुमच्या हाताला सफाई आहे, गाठ उलटताना तुमचा दोरा कुठेच सैल पडत नाही," असे त्या म्हणाल्या, आणि खरे सांगायचे तर मी तिथेच अर्धी फसले. टॅटिंगमध्ये गाठ एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उलटते, ती उलटली नाही तर कडी ओढून बंदच होत नाही, हे ज्याला माहीत आहे तो माणूस या कामातला असणार असे मी गृहीत धरले. हे वाक्य शिकवणीच्या कुठल्याही व्हिडिओतून उचलता येते, हे मला नंतर सुचले.

त्यांची संस्था सुरतेची असून माल नरसापूरमार्गे युरोपात जातो, असे त्यांनी सांगितले. खरे तर इथेच माझ्या मनात शंका यायला हवी होती. आंध्रातल्या नरसापूरची लेस प्रसिद्ध आहे, पण ती सुईला आकडा असलेल्या क्रोशाची आहे. शटलच्या टॅटिंगचा तो गाव नव्हे. मला हे माहीत होते. फोनवर मात्र मी कौतुकाने ऐकत राहिले.

अट अशी होती की ७,५०० रुपये अनामत भरायची, ती पहिले काम मंजूर होताच परत मिळणार. शिवाय ऑनलाइन प्रशिक्षणाचे १,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. त्या बदल्यात दोरा, हूक, नमुना आणि ६० जोडांची मागणी. एका जोडाला १८० रुपये, म्हणजे महिन्याला १०,८०० रुपये. दर ऐकून मी हिशेब केला. एका कानातल्यात ७ कड्या, एका जोडात १४. प्रत्येक कडीत २४ दुहेरी गाठी. प्रत्येक कडीची दोन टोके सुईने आत लपवायची, म्हणजे एका जोडात २८ टोके. सगळे धरून एका जोडाला दोन तास. तासाला ९० रुपये पडत होते. दर अवास्तव नव्हता, आणि तो तसा नव्हता म्हणूनच विश्वास बसला. दिवसाला पाच हजार मिळवा म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवले असते.

पैसे ज्या खात्यात यूपीआयने पाठवले ते संस्थेचे नव्हते, एका व्यक्तीच्या नावाचे होते. "चालू खात्याचे काम सुरू आहे," असे उत्तर मिळाले. पावतीवर जीएसटी क्रमांक होता. त्यात १५ अक्षरे-आकडे होते आणि मला ते पुरेसे वाटले. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गुजरातसाठी २४, महाराष्ट्रासाठी २७. पत्ता सुरतेचा आणि क्रमांक २७ ने सुरू होणारा होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला तर क्षणात नाव दिसते. मी ऑक्टोबरमध्ये टाकला तेव्हा तो हार्डवेअरच्या एका दुकानाचा निघाला. बिचाऱ्या दुकानदाराला याचा पत्ताही नसेल.

१८ ऑगस्टला खोके आले. त्यात १०० रुपयांच्या मुद्रांकावर छापलेला करार होता आणि नमुना एका जाड, चिकटवून बंद केलेल्या पारदर्शक पाकिटात होता. पाकिटावर लाल अक्षरांत लिहिले होते की सील तोडल्यास अनामत जप्त होईल, कारण नमुना डिझाइनच्या हक्कांसह परत करायचा आहे. करारात तीन गोष्टी होत्या. काम नमुन्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. कडीचा बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर, फरक अर्ध्या मिलिमीटरहून अधिक चालणार नाही. ६० पैकी ३ पेक्षा जास्त जोड नापास झाले तर सगळी खेप नापास, अनामत जप्त, आणि वर साहित्य व बुडालेल्या निर्यातीची भरपाई कारागिराने द्यायची.

माझे यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात. त्यांनी बारीक मापे घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर आणून दिला आणि करार वाचून ते हसले. "लोखंडात अर्धा मिलिमीटर सांभाळता येतो, कारण लोखंड जबड्यात धरले तरी दबत नाही. तुझी दोऱ्याची कडी मोजायला धरलीस की तिथेच तिचे माप बदलते," असे ते म्हणाले. ते अगदी खरे होते. तोच दोरा, त्याच २४ गाठी, पण सकाळी ताज्या हाताने केलेली कडी आणि रात्री दमल्यावर केलेली कडी यांत फरक पडतोच, आणि पातळ गोंद देऊन वाळवल्यावर आणखी पडतो. मी मात्र त्यांचे बोलणे मनावर घेतले नाही. पैसे भरून झाले होते.

महिनाभर मी रोज चार तास बसले. साठ जोडांत वीस हजारांहून अधिक दुहेरी गाठी होतात. गणपतीची तयारी सासूबाईंनी एकट्याने ओढली. १८ सप्टेंबरला, हरितालिकेच्या दिवशी, मी सगळे जोड मांजरपाटाच्या पिशवीत घालून तोंड उरलेल्या दोऱ्याने शिवले आणि स्पीड पोस्टने सुरतेला पाठवले. शिवताना दर चार टाक्यांनी एक उलटा टाका घ्यायची मला सवय आहे. ती सवय पुढे कामी आली.

२३ सप्टेंबरला ई-मेलवर तपासणीचा अहवाल आला. तीन पाने होती. ३७ जोड नापास, प्रत्येकासमोर माप, कुठे १२.७, कुठे ११.३, आणि काहींसमोर 'गाठींची संख्या २३' असा शेरा. मी रडले. आपलाच हात चुकला असे मला मनापासून वाटले. चार दिवसांनी वकिलाच्या नावाची नोटीस आली: २४,००० रुपये सात दिवसांत भरा, अन्यथा न्यायालयीन कारवाई. मी बँकेतली ठेव मोडायच्या तयारीला लागले होते.

माझा भाचा सांगलीला वकिली करतो. लाजेमुळे त्याला सांगायला मी दोन दिवस लावले. त्याने नोटीस बाजूला ठेवली आणि आधी स्पीड पोस्टची पावती मागितली. तिच्यावरच्या क्रमांकाने टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पार्सलचा प्रवास पाहिला. पार्सल २१ तारखेला सुरतेत पोहोचले होते, पत्त्यावर घेणारे कोणी न भेटल्याने टपाल कार्यालयातच पडून होते आणि २९ तारखेला परतीच्या वाटेला लागले होते. ज्या जोडांची मापे दशांशापर्यंत लिहिलेली होती ते जोड त्या लोकांनी पाहिलेच नव्हते. ४ ऑक्टोबरला पोस्टमनने पिशवी माझ्या हातात दिली तेव्हा शिवणीचा एकही टाका हललेला नव्हता. चौथ्या टाक्यानंतरचा उलटा टाका जिथल्या तिथे होता.

त्या संध्याकाळी मी नमुन्याचे सील कात्रीने कापले. कड्या चिमटीत धरून एक कडी दुसरीतून फिरवायचा प्रयत्न केला. फिरली नाही. त्या अडकवलेल्या नव्हत्याच. एकीवर दुसरी आल्यासारखी दिसेल असे ते सलग भरतकाम होते. भिंगाखाली दुहेरी गाठींच्या टोप्यांऐवजी आडवेतिडवे यंत्राचे टाके होते आणि कडेला बारीक तंतू निघालेले होते. विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरून नंतर ते कापड पाण्यात घालवतात ती ही लेस. बाजारात तिला जीपीओ लेस म्हणतात आणि ती मीटरवर मिळते. यंत्राच्या कड्या अर्थातच एकसारख्या होत्या. त्यांच्याशी तंतोतंत जुळेल असे काम हाताने करणारी बाई या जगात नाही. सील तोडायला बंदी का होती, ते तेव्हा समजले. शटल चालवणाऱ्या कुणालाही बोट लागताच हे कळले असते.

भाच्याने नोटिशीला उत्तर दिले. वकिलाचे पत्र म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, हे त्याने मला समजावले. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप द्यावा लागत नाही, वाजवी भरपाईपुरताच विचार होतो, हेही सांगितले. उत्तरासोबत टपालाच्या नोंदीची प्रत जोडली. त्यानंतर त्यांच्याकडून एकही फोन आला नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर मी तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात फसवणुकीचा अर्जही दिला. परंतु पैसे जाऊन पन्नासहून अधिक दिवस झाले होते आणि ते खाते केव्हाच रिकामे झालेले होते. १९३० वर पैसे गेल्या-गेल्या कळवले तर ते पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत ती वेळ नमुन्याची कडी मोजण्यात गेली. अनामत परत मिळालेली नाही.

प्रशिक्षणाचा एक व्हॉट्सॲप गट होता. त्यात फक्त त्यांनाच लिहिता येत असे, पण सदस्यांचे क्रमांक दिसत होते. मी एकेकीला संदेश पाठवले. बहुतेकींनी उत्तर दिले नाही, दोघींनी दंड भरून टाकला होता आणि त्या विषयावर त्यांना बोलायचेच नव्हते. इचलकरंजीच्या एका मुलीने लगेच फोन केला. तिचे वीस जोड झाले होते, चाळीस बाकी होते. मी तिला म्हटले, पाकीट काप आणि मधली कडी वरच्या कडीतून फिरवून बघ. ती घाबरली, अनामत जाईल म्हणाली. थोडा वेळ फोनवर नुसता कात्रीचा आवाज आला, मग ती म्हणाली, "मावशी, हलत नाही." तिने पैसे माझ्या बऱ्याच नंतर भरले होते. मी तिला फोन ठेवून आधी १९३० लावायला सांगितले.