‘डिजिटल ओलावा मापका’च्या नावाखाली झालेली फसवणूक

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत ठिबक किती वेळ चालवावे हे नेमके कळावे म्हणून गेल्या हंगामात एका फिरत्या विक्रेत्याकडून ‘डिजिटल ओलावा मापक’ घेतले. साडेसहा हजार रुपये मोजल्यावर जी पावती मिळाली, तिच्यावर ना जीएसटी क्रमांक होता, ना यंत्र बनवणाऱ्याचे नाव. प्रात्यक्षिक मात्र झकास झाले: कोरड्या मातीत दांड्या खुपसल्या की शून्य, आणि त्याने स्वतःच्या बाटलीतले पाणी ओतले की लगेच शंभर.

मणी फुगवणीच्या काळात मापक रोज साठ-सत्तर टक्के ओलावा दाखवी, ठिबकमधून विद्राव्य खत सोडले की आकडा आणखी चढे, आणि तरीही शेंडे थांबलेले व दुपारी पाने मलूल, असे चित्र होते. संशय आल्यावर फिल्टरच्या पाण्याने भरलेल्या ग्लासात दांड्या बुडवल्या, तर आकडा वीसच्या पुढे सरकेना; चिमूटभर मीठ टाकताच तो थेट शंभरावर गेला. म्हणजे यंत्र क्षारांमुळे वाढणारी विद्युतवाहकता मोजत होते आणि आम्ही तिलाच पाणी समजत होतो.

मुळांच्या थरातील माती प्रयोगशाळेत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवल्यावर वजनानुसार ओलावा २२ टक्के निघाला. याच मातीत वाफशाला, म्हणजे जादा पाणी निचरून गेल्यावर, ३६ टक्के पाणी राहते, आणि १५ बार दाबालाही ती जे पाणी सोडत नाही, म्हणजे ज्याच्या खाली वेल सुकून पुन्हा सावरत नाही, ते १९ टक्के. वेलीला घेता येण्याजोग्या १७ टक्क्यांपैकी अवघे ३ उरले होते! काळ्या चिकण जमिनीत पाणी असते, पण बरेचसे मातीच धरून ठेवते. त्यामुळे या दोन मर्यादांशिवाय कोणत्याही टक्केवारीला अर्थ नाही. ‘टक्के कशाचे?’ या प्रश्नावर विक्रेत्याचे ठरलेले उत्तर होते, “सगळं ॲपमध्ये येतं, भाऊ.” तक्रारीसाठी फोन केला, तेव्हा त्याने आमचीच माती खारट ठरवली आणि नंतर क्रमांक बंद केला.

असे यंत्र दाखवायला कोणी आले, तर प्रात्यक्षिकाचे पाणी आपल्या घरचे द्यावे, त्यात मीठ टाकून पाहावे आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सध्या आम्ही सच्छिद्र टोकाचे टेन्शिओमीटर, म्हणजे माती पाणी किती ताणाने धरून ठेवते हे मोजणारे यंत्र, वापरतो. ते सुमारे ८० सेंटीबार (०.८ बार) ताणापर्यंतच चालते आणि भेगाळलेल्या काळ्या मातीत त्याचा संपर्क तुटतो, हे ज्या दुकानदाराकडून ते घेतले त्याने पैसे घेण्याआधीच सांगितले होते.