कामासाठी टॉर्च घेताना: लांब फेक नको, सपाट उजेड हवा

टॉर्चच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: किती लुमेन आणि किती मीटर. रात्री दूरवरचं बघायचं असेल तर मीटर जास्त हवेत. पण हातभर अंतरावर स्क्रू फिरवायचा, वायर जोडायची, गळती शोधायची, तर मीटरचा आकडा जेवढा लहान तेवढा टॉर्च कामाचा. हे उलटं वाटतं, म्हणून आधी थोडं गणित उरकून घेऊ.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन पडतात ते. आणि मीटर म्हणजे तो उजेड ०.२५ लक्सवर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्यावर, येतो ते अंतर. २००९ साली आलेल्या एएनएसआय एफएल१ मानकात ते असंच मोजतात. या मीटरचा वर्ग करून चारने भागलं की झोताच्या मधल्या भागाची तीव्रता कॅन्डेलात मिळते. ३०० लुमेनचा टॉर्च १५० मीटर सांगत असेल तर ५६२५ कॅन्डेला झाले, म्हणजे लुमेनमागे जवळपास १९. तेवढेच ३०० लुमेन पण फेक ४० मीटर, तर ४०० कॅन्डेला, लुमेनमागे दीडसुद्धा नाही. पहिल्याने सगळा उजेड मधोमध कोंबलाय, दुसऱ्याने पसरलाय. लुमेनमागे तीनच्या आत असेल तरच मी खोक्यावरचं पुढचं वाचतो.

आता किती पसरलेला हवा ते. अर्ध्या मीटरवर १० अंशांचा झोत जेमतेम ९ सेंटिमीटरचं वर्तुळ उजळतो, ६० अंशांचा ५८ सेंटिमीटरचं. त्या ५८ सेंटिमीटरमध्ये ३०० लुमेन सारखे पसरले तर हजाराच्या वर लक्स होतात. ऑफिसात लिहिण्यावाचण्याच्या टेबलासाठी ५०० लक्स धरतात. म्हणजे जवळच्या कामाला दीडशे-दोनशे खरे लुमेन पुरतात. ‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा, त्याकडे येतोच.

कमी पैशात साधारण चार प्रकार मिळतात.

साधा रिफ्लेक्टरवाला. चकचकीत वाटी, मध्ये एलईडी. मजबूत, सगळीकडे मिळणारा, आणि जवळच्या कामाला सगळ्यांत त्रासदायक. सिंकखाली मान वाकडी करून पडलोय, एका हातात पाना, टॉर्च दातांत. मधला प्रखर ठिपका पांढऱ्या पाइपवर पडला की डोळ्याची बाहुली आकसते आणि चार बोटांवरचा नट काळोखात जातो. उजेड तिथे असतो, पण ठिपक्याला सरावलेल्या डोळ्याला तो दिसत नाही. म्हणून सपाट २०० लुमेन ठिपकेवाल्या हजारांना भारी पडतात. वाटी संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत असेल तर ठिपक्याची कडा थोडी विरते. ठिपका मात्र राहतोच.

झूमवाला. टॉर्चचे शौकीन याला नाकं मुरडतात. मी अर्धीच मुरडतो. पुढचं डोकं मागे घेतलं की याच्या भिंगातून कडेपर्यंत सारखं, ठिपक्याविना वर्तुळ पडतं, आणि त्या स्थितीत उजेडही जास्त मिळतो, कारण झूम केल्यावर बराचसा उजेड डोक्याच्या आतल्या भिंतींवर आपटून वाया जातो. स्वस्तात सपाट उजेड हवा तर हा खरोखर पर्याय आहे. अडचणी दोन. वर्तुळाची कडा कापल्यासारखी असते, बाहेर एकदम अंधार, त्यामुळे हात हलला की स्क्रू गायब. आणि सरकणाऱ्या डोक्यातून पाणी, धूळ आत जाते. माझ्याकडच्याचं डोकं वर्षभरात इतकं ढिलं झालं की उलटा धरला की आपोआप झूम व्हायचा.

सीओबी पट्टीवाला. पिवळ्या लेपाखाली एलईडीच्या बारीक चिप्स ओळीने बसवलेल्या, पुढे भिंग नाही. उजेड १२० अंशांच्या आसपास पसरतो, सावल्या मऊ पडतात, मागे बहुधा चुंबक आणि लटकवायचा हुक असतो. इंजिनखाली किंवा कपाटात लटकवून ठेवायला याच्याइतका सोयीचा स्वस्त दिवा नाही. पण तो हातात धरून काम करून बघा: एवढा रुंद उजेड तुमच्या स्वतःच्या डोळ्यांतही येतो. हा बाजूला ठेवायचा दिवा, हातात धरायचा नव्हे. स्वस्तातले बरेच तीन ट्रिपल-ए सेलवर चालतात आणि सेल उतरतील तसे मंदावत जातात.

काटकोनी हेडटॉर्च, टीआयआर लेन्सचा. इंग्रजी ‘एल’सारखा, उजेड बाजूने बाहेर. वाटीऐवजी प्लास्टिकची भरीव लेन्स असते. ती दाणेदार किंवा दुधी असेल तर झोत मधून कडेपर्यंत हळूहळू विरतो, कापलेली कडा नाही, ठिपका नाही. पट्ट्यात घातला की दोन्ही हात मोकळे, काढला की साधा टॉर्च, शेपटीला चुंबक असेल तर पत्र्यावर चिकटवा. चारांत थोडा महाग, पण एकच घ्यायचा असेल तर मी हाच घ्यायला सांगेन. याचाही एक तोटा आहे. उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे वस्तूची सावली वस्तूमागे लपते आणि सगळं चपटं दिसतं. पृष्ठभागावरचा बारीक तडा किंवा पोचा शोधायचा तर तो डोक्यावरून उतरवून पृष्ठभागाला जवळजवळ आडवा धरावा लागतो. तडा लगेच काळ्या रेघेसारखा उमटतो.

प्रकार ठरला की रंग बघा, तो बहुतेक जण विसरतात. स्वस्त एलईडी निळसर, ६५०० केल्विनच्या आसपास असतात (केल्विन जेवढे जास्त तेवढा उजेड निळसर) आणि त्यांची सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, सत्तरच्या घरात. अशा उजेडात लाल मरगळतो. पॅनेलमधली लाल आणि तपकिरी वायर शेजारी धरा, कोणती कुठली हे सांगताना क्षणभर थांबावं लागतं, आणि तिथे तो क्षण धोक्याचा. ४००० ते ५००० केल्विन आणि नव्वदच्या वर सीआरआय असेल तर लुमेन थोडे कमी मिळाले तरी चालतील.

खऱ्या लुमेनचं असं: एका सेलच्या बोटभर टॉर्चवर लाखाचा आकडा दिसला तर ठेवून द्या. १८६५० सेलवरही, म्हणजे अशा टॉर्चमध्ये लागणाऱ्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवरही, तेच. नावाजलेल्या सेलची क्षमता ३५०० ते ४००० एमएएचच्या आसपास थांबते, तेव्हा ९९०० छापलेला सेल बाकी बाबतीतही खरं बोलत असेल असं मी मानत नाही. चालण्याचे तास वाचतानाही सावध. एफएल१ नुसार उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे त्यातले शेवटचे तास कामाचे नसतीलही.

घेण्याआधी दोन गोष्टी करून बघता येतात. पांढऱ्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर टॉर्च धरायचा आणि डोळे बारीक करून बघायचं; ठिपका, कडे, निळे-पिवळे पट्टे असतील तर लगेच दिसतात. मग मंद मोडवर ठेवून फोनच्या कॅमेऱ्यातून भिंत बघायची. काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय. नट फिरवायला त्याने काही बिघडत नाही, पण फिरतं ड्रिल किंवा पंखा अशा उजेडात संथ, कधी थांबल्यासारखा दिसू शकतो. यंत्रांजवळ काम असेल तर असा टॉर्च नको.

घरात ठिपकेवाला चांगला टॉर्च आधीच असेल तर नवीन घेण्याची घाई करू नका. खिडकीच्या काचेला लावायची दुधी फिल्म टॉर्चच्या काचेच्या मापाने गोल कापून चिकटवा. थोडा उजेड जातो, ठिपका जवळपास पुसला जातो. कॉनव्हॉय एस२+ सारख्या उघडता येणाऱ्या टॉर्चमध्ये तर रिफ्लेक्टर काढून रुंद कोनाची टीआयआर लेन्स बसते, आणि ती लेन्स टॉर्चच्या मानाने फारच स्वस्त पडते. माझा सिंकखालचा हजार लुमेनवाला आता फिल्म लावून दोनशेवरच चालवतो. दातांत मात्र अजूनही धरतो, ती खोड काही सुटत नाही.