अ‍ॅस्ट्रो-मॉड म्हणून विकलेला साधाच कॅमेरा

तेजोमेघांचे फोटो काढायला नेहमीचा डीएसएलआर कमी पडतो, कारण सेन्सरच्या पुढ्यात कंपनीने बसवलेला फिल्टर. तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्यातून जेमतेम चौथा हिस्सा आत येतो. म्हणून हौशी मंडळी कॅमेरा उघडून तो फिल्टर काढतात किंवा बदलतात, म्हणजेच कॅमेरा 'मॉड' करतात. काम नाजूक, स्क्रूड्रायव्हर निसटला की सेन्सरचं वाटोळं. त्यामुळे आयता मॉड केलेला कॅमेरा शोधणारेच जास्त. माझ्या गळ्यात मारलेला कॅननचा ६००डी असाच, 'घरी मॉड केलाय, वर कूलिंगपण आहे' म्हणून.

विकणारा बोलण्यात पक्का. त्याने खिडकीबाहेरचा फोटो काढून दाखवला. झाडं विटकरी, ढग गुलाबी. मॉड कॅमेऱ्यात दिवसाचा फोटो असा लालसर येतो हे खरंच आहे, आणि घेणारा नेमकं तेच बघतो हे त्याला ठाऊक होतं. कॅननच्या मेनूत व्हाइट बॅलन्स शिफ्टची एक चौकट असते. तिच्यातला ठिपका त्याने अंबर आणि मॅजेंटाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवला होता. झालं मॉडिफिकेशन! ही लाली जेपेगवर चढते. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, तटस्थ व्हाइट बॅलन्स लावून उघडली की झाडं पुन्हा हिरवीगार.

नमुना म्हणून त्याने रोझेट नावाच्या तेजोमेघाचा झकास फोटो पाठवला होता, तोही जेपेग. रॉ मागितली तर म्हणे, 'फाइल फार जड आहे, जात नाही.' २५ एमबीच्या आसपासची फाइल! लोक लग्नाचे अख्खे व्हिडिओ पाठवतात. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याचा सीरियल नंबर असतो, तो बॉडीच्या तळाशी छापलेल्या नंबराशी ताडता येतो. जड होण्याचं कारण ते.

सेन्सर तापला की फोटोत खोटे ठिपके येतात, म्हणून कूलर. तो दिसायला मात्र जोरदार. विजेवर एका बाजूने गार होणारी पेल्टिअर प्लेट, हीटसिंक, कॉम्प्युटरचा पंखा, आणि वर लाल आकड्यांत उणे ५. तो आकडा देणारा तापमापक पेल्टिअरच्या थंड बाजूलाच चिकटवलेला होता, कॅमेऱ्यापर्यंत गारवा पोचतच नव्हता. कॅनन स्वतःचं आतलं तापमान फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, लिहून ठेवतो. डिस्प्ले उणे ५ म्हणत असताना तिथे ३१ होतं. झाकण लावून पाच-पाच मिनिटांच्या डार्क फ्रेम काढल्या, कूलर बंद ठेवून आणि चालू ठेवून. दोन्हींत हॉट पिक्सेलचा, म्हणजे त्या खोट्या ठिपक्यांचा, तोच सडा.

तक्रार केली की उत्तर तयार. चंद्र असेल, दव धरलं असेल, ट्रॅकिंग (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणं) घसरलं असेल, 'स्टॅकिंग (अनेक फोटो एकावर एक रचणं) शिका जरा.' फिकट वस्तूचा फोटो बिघडायला शंभर कारणं असतात आणि असल्या माणसाचं सगळं भांडवल हेच. भंडारदऱ्याला एका मित्राचा खरोखर मॉड केलेला कॅमेरा माझ्याच दुर्बिणीला लावला. दुर्बीण फिरवणारं तेच माउंट, तोच आयएसओ, तेवढंच एक्स्पोजर. त्याच्या एकाच फ्रेममध्ये रोझेटच्या मधल्या एनजीसी २२४४ या तारकागुच्छाभोवती लाल कडं उमटलं. माझ्या फ्रेममध्ये तारे टाचणीसारखे टोकदार आणि भोवती नुसता करडा धूर. म्हणजे ट्रॅकिंगही ठीक होतं आणि आकाशही.

नंतर भिंगाने बॉडीचे स्क्रू पाहिले. एकाच्याही खाचेवर ओरखडा नाही, काळा मुलामा जसाच्या तसा. कॅमेरा कधी उघडलाच नव्हता. सेन्सर क्लीनिंगला लावून आरसा वर केला तर आत मूळ फिल्टरची निळसर-हिरवट झाक स्वच्छ दिसली.

हे सगळं फोटोंसकट पाठवल्यावर कूलरचे म्हणून थोडे पैसे परत आले, मग नंबर ब्लॉक. असा सौदा करायला जाल तर लॅपटॉप आणि स्वतःचं रिकामं कार्ड बरोबर न्या. व्हाइट बॅलन्स शिफ्ट शून्यावर आणा, रॉ काढा आणि तिथेच उघडा. विकणाऱ्याला घाई असली तरी.