नऊ वर्षं उभी राहिलेली सॅन स्टॉर्म आणि नाना पेठेतले मिस्त्री

मिस्त्रींनी पहिले चार दिवस गाडीला सेल्फ मारलाच नाही. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते ते याचसाठी.

गाडी माझ्या दादाची. सॅन स्टॉर्म, लाल, दोनच सीटची, गोव्यात बनलेली, 1149 सीसीचं रेनॉचं इंजिन. 2015 साली दादा मेलबर्नला गेला आणि ती सहकारनगरला आमच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली राहिली. बॉडी फायबरची, त्यामुळे वरून गंजाचा मागमूस नाही. विकू का विचारलं, तर म्हणाला, "विकतेस कशाला? तूच चालव."

आधी घराजवळच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं नवी बॅटरी जोडली आणि थेट सेल्फ. आतून कर्र आवाज आला तशी मी किल्लीच काढून घेतली. त्याचा राग मला अजून आहे. इतकी वर्षं सिलिंडर कोरडे पडलेले असताना इंजिन असं फिरवलं तर आत ओरखडे पडतात.

नाना पेठेत गाडी टो करून नेली. मिस्त्रींनी चारही प्लग काढले, सिरिंजनं प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे ऑइल सोडलं आणि लोणच्यासारखं दोन दिवस मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी इंजिन हातानं फिरवायला पुलीच्या नटाला पाना लावून माझ्याच हातात दिला. "ताई, हळू. अडलं तर जोर लावायचा नाही." पाना जरासा सरकला, अडला. मी हात सैल सोडला. पुन्हा ऑइल, पुन्हा तासभर थांबणं. मग तो अलगद फिरत गेला, पूर्ण फेरी. माझे डोळे भरून आले, खरंच.

टाकीतलं पेट्रोल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं, वास वॉर्निशचा. टाकी उतरवून धुतली, पंप नवा, इंजेक्टर साफ. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, आत गंज चढतो, म्हणून मागची चाकं जॅम. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं, तेही केलं. मीटरवर जेमतेम 31 हजार किलोमीटर, मग टायमिंग बेल्ट कशाला बदलायचा, असं मी विचारलं. "रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात." टायरच्या कडेवरचे 2212 हे आकडेही त्यांनीच दाखवले: 2012 सालचा 22वा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण बाजूला केसासारख्या भेगा. चारही टायर बदलले.

टायर सोडून 68 हजार झाले. जुना प्रत्येक पार्ट बिलासोबत गोणीत भरून परत दिला. तक्रार एकच: तीन आठवडे सांगून सात लावले, आणि फोन उचलत नाहीत. सकाळी दहाच्या आत जाऊन उभं राहावं लागतं. 15 वर्षं उलटलेल्या आरसीचं नूतनीकरणही ते बघत नाहीत. संगम पुलाजवळच्या आरटीओत मलाच खेटे घालावे लागले.

गेल्या रविवारी सकाळी सहाला छताचा हूड खाली करून कात्रजच्या जुन्या घाटात नेली. दादाला व्हिडिओ कॉल लावून फोन शेजारच्या सीटवर ठेवला होता. तो काहीच बोलला नाही, नुसता आवाज ऐकत होता. 500 किलोमीटरला ऑइल पुन्हा बदलायला बोलावलंय, 340 झालेत.